शिवेबाहेरची घोषणा

उज्ज्वलाताईंचा आवाज बसला तो नेमका दुकानाच्या दारात.

सकाळपासून करंजओढ्याच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घालून आमचा मोर्चा देशी दारूच्या दुकानापाशी पोचला होता. पुढे उज्ज्वलाताई, म्हणजे आमच्या अंगणवाडीच्या बाई, मागे गावातल्या बायका आणि त्यांच्या मागे गावातली झाडून सगळी कुत्री. ताई ओरडायच्या, "बाटली कशी?" आणि मागून आम्ही, "आडवी!" एवढीच आमची घोषणा. ती कुणी लिहून दिली नव्हती. पहिल्या बैठकीत बोलता बोलता कुणाच्या तरी तोंडून निघाली आणि सगळ्यांच्या तोंडी बसली. पोरं विटीदांडू खेळताना म्हणायची, गिरणीत दळणाला आलेल्या बायका एकमेकींना बघून म्हणायच्या.

तर दुकानाच्या दारात ताईंनी हात वर केला, तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. त्यांनी पाणी मागून घेतलं, पुन्हा हात वर केला. पुन्हा हवा. ओट्यावर बसलेली गिऱ्हाइकं खो खो हसायला लागली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. घोषणा देणारं कुणी नसलं की मोर्चाची नुसती गर्दी होते, आणि गर्दीला लगेच घरच्या भाकऱ्या आठवतात. मागच्या दोघी-तिघी तर सटकल्यासुद्धा.

मी शेवटून दुसऱ्या रांगेत होते, पदर नाकापर्यंत ओढून. कारण सरळ होतं. दुकानाच्या जाळीमागे गल्ल्यावर जो माणूस बसला होता तो माझा नवरा होता.

माझा आवाज मूळचा ओढ्यापलीकडे जाणारा. माहेरी वडलांना मळ्यातून जेवायला बोलवायचं असलं की आई मला माळवदावर चढवायची. सासरी आल्यावर तो आवाज मी लग्नातल्या शालूसारखा घडी घालून ठेवून दिला होता. त्या दिवशी तो मला न विचारताच बाहेर आला.

"बाटली कशी?"

मीच दचकले. आणि पाठीमागून असा काही "आडवी!" आला की ओट्यावरचा एक जण उठून उभाच राहिला. मी पुन्हा दिली. बायकांनी मला हाताहातानं पुढे ढकललं, आणि बघता बघता मी जाळीसमोर उभी, नवरा जाळीच्या आत, मध्ये हातभर अंतर. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गिऱ्हाइकाच्या हातात बाटली ठेवली आणि म्हणाले, "बाजूला व्हा, बायकांना उभं राहू द्या."

घरी आले तर आत्या चुलीपुढे बसल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, अनुसयाबाई; आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"गळा चांगलाय म्हनं तुजा," त्या म्हणाल्या.

मी परात पुढे ओढली.

"उद्या भान्या घरी बसला की त्याच गळ्यानं दारोदार भाकर माग."

तेवढ्यात त्यांचा भान्या, म्हणजे हे, आले. हातपाय धुऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "आई, राहू दे. ती तिचं काम करती, मी माजं करतो."

"आन् मी काय करू?" आत्यांनी विचारलं.

आम्ही दोघांनीही भिंतीकडे बघितलं. भिंतीकडेला बाळू भावजी झोपले होते. बाळू भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. रोज दिवस मावळताना मी आणि आत्या त्यांना दुकानाच्या ओट्यावरून उचलून आणायचो, एक हात माझ्या खांद्यावर, एक आत्यांच्या. थोरला भाऊ त्यांना थेंब देत नसे, पण दुसऱ्याच्या हातून मागवायला कितीसा वेळ लागतो? बायको लेकराला घेऊन माहेरी निघून गेली होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि आत्यांना बाहेर बसवून मला सांगितलं, हे असंच चाललं तर पुढची दिवाळी धरून चालू नका. आत्या दाराआडून सगळं ऐकत होत्या.

म्हणजे त्यांचा एक मुलगा त्या दुकानावर जगत होता आणि दुसरा त्याच दुकानापायी मरत होता. दुकान राहिलं तर बाळू भावजी जाणार, दुकान गेलं तर घरातला एकुलता पगार. आणि दुकान ठेवायचं की उठवायचं, ह्यावर गावातल्या बायकांचं मतदान लागलं होतं.

"आत्या, तुम्ही मत कुणाला देणार?" मी विचारलं.

"मला दोगं बी माजंच. मी घरातनं हालनार न्हाई."

"घरात बसलात तर ते मत दुकानालाच जातं."

"कसं काय जातं? मी दिलंच न्हाई तर?"

पण कायदाच तसा होता. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. दुकान हवं असेल तर उभीवर शिक्का, नको असेल तर आडवीवर. पण आलेल्या मतांपैकी निम्मी मिळून भागत नव्हतं. गावच्या यादीत जेवढ्या बायका, त्या सगळ्यांपैकी निम्म्याहून जास्त आडवीला पाहिजेत. जी बाई येणार नाही ती घरी बसून दुकान वाचवणार. मी आत्यांना हे समजावून सांगितलं तर त्या बराच वेळ चुलीतलं लाकूड मागेपुढे करत राहिल्या.

हा कायदा आम्हाला कळायच्या आधी पोपटशेठला कळला होता. पोपटशेठ दुकानाचे मालक. कपाळाला कुंकवाचा टिळा, बोलणं असं गोड की समोरच्याला पाणी प्यावंसं वाटावं. ते मोर्चाला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. उलट एकदा तर सगळ्यांना सरबत पाजलं. आणि मतदान चार दिवसांवर आलं तेव्हा गावात दवंडी दिली, की येत्या रविवारी गावच्या मायबहिणींना तुळजापूरचं दर्शन, गाडी फुकट, फराळ फुकट.

रविवारीच मतदान होतं.

उज्ज्वलाताई बसक्या आवाजात फौजदारांशी भांडून आल्या. फौजदार म्हणाले, "बाई, देवीला निघालेल्या बायकांना मी अडवू? उद्या मला गावात कोण उभं करंल?" वर त्यांनी तहसीलदारांचा हुकूम वाचून दाखवला. मतदानाच्या दिवशी गावाच्या हद्दीत घोषणा नाही, फलक नाही, घोळका नाही. कुणी तोंड उघडलं तर गुन्हा दाखल.

"म्हणजे त्यांची गाडी चालते आणि आमचं तोंड चालत नाही," ताई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी जवळजवळ कुजबुजूनच म्हटलं.

रविवारी मी पाणी भरून आले तर आत्या घरात नव्हत्या. खुंटीवरचं त्यांचं ठेवणीतलं इरकल लुगडंही नव्हतं. हे तर झुंजुमुंजू व्हायच्या आधीच गेले होते, शेठनं बोलावलं म्हणून. हंडा तसाच ठेवला आणि मी चावडीकडे पळत सुटले.

चावडीपुढे बस उभी होती, झेंडूच्या माळा घातलेली. आत टेप लावलेला. दारात माझा नवरा, हातात चिवड्याच्या पुड्यांची पाटी. बायकांना वर चढवायचं, फराळ वाटायचा, संध्याकाळी अंधार पडल्यावर परत आणायचं, हे काम शेठनं ह्यांच्या गळ्यात घातलं होतं. आणि खिडकीशी आत्या, डोक्यावरून पदर, समोर बघत.

"चढ," हे म्हणाले. "शेठनी सांगितलंय, छायाबाईला पयली शीट द्या."

"आत्यांना तुम्ही चढवलंत?"

"न्हाई." ह्यांनी पाटी दुसऱ्या हातात घेतली. "ती आपणच आली. म्हणली, मला मत देता येत न्हाई. बाळ्यासाठी देवीपुढं पदर तर पसरते."

मी वर चढले. कशाला चढले म्हणाल तर बायकांना खाली उतरवायला. पण आत बघते तर काय, निम्म्याहून जास्त आमच्याच मोर्चातल्या. सरूबाई बसली होती, जिनं दुकानाच्या दारात सगळ्यात मोठ्यानं "आडवी" म्हटलं होतं. मी तिच्या मनगटाला धरलं.

"सरूबाई, उतर. आधी मत दे, मग कुठं जायचं ते जा."

"आमच्या मालकानं नाव दिलंय गं माजं. उतरले तर घरी काय सांगू?"

"सांग, पोट दुखलं."

"देवीला जाताना पोट दुखलं म्हणू? काय बोलतीस."

दुसरीनं खिडकीबाहेर बघितलं, तिसरीनं लेकराचं झबलं नीट केलं. मी अशी एकेकीची मनधरणी करत असताना गाडी हलली. मला उतरता आलं असतं, गाडी चावडीच्या वळणावर हळूच होती. पण आमची जिंकायची सगळी मतं त्या बसमध्ये बसली होती. गावात राहून मी एकटीनं काय आडवं करणार होते? मी दांडीला धरून तशीच उभी राहिले आणि मनात एकच घोकत होते, हद्दीत घोषणा नाही. हद्दीत घोषणा नाही.

ओढ्यावरचा पूल आला. पुलापलीकडे शिवेचा दगड आहे, शेंदूर फासलेला. तो मागे गेलेला मी डोळ्यांनी बघितला. मग मधल्या वाटेत उभी राहून, होता नव्हता तेवढा दम घेऊन मी ओरडले.

"बाटली कशी?"

काही नाही. टेप वाजत होता, इंजिन घरघरत होतं. समोरच्या बाईनं पदर सारखा केला.

"बाटली कशी?"

पुढच्या सीटवरून एक म्हातारी म्हणाली, "देवीला निघालोय गं बाई, बाटलीचं नाव कशाला काढतीस." कुणी तरी हसलं. हसणारी सरूबाई नव्हती, पण तिनं मान खाली घातली.

मी तिसऱ्यांदा दिली. ह्या वेळी माझाच आवाज मला उसना वाटला. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्या ह्यांनी मागे वळून बघितलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. कीव होती, आणि ती मला रागापेक्षा जास्त झोंबली. तेवढ्यात त्या म्हातारीनं दोन्ही हात जोडून पुकारा केला, "आई राजा!" आणि अख्खी बस एका दमात बोलली, "उदो उदो!"

तेच गळे. तेवढाच जोर. मी दाराच्या पायरीवर जाऊन बसले आणि रडले. आयुष्यात इतकी एकटी मी कधी पडले नव्हते, लग्न होऊन परक्या घरात आले तेव्हासुद्धा नाही. बाहेर उसाची शेतं पळत होती आणि गावातली मतदानाची शाळा मागे मागे चालली होती.

पुन्हा कुणीतरी "आई राजा" म्हटलं. पुन्हा "उदो उदो". आणि ह्या वेळी तो थांबलाच नाही. सगळ्या गप्प झाल्या तरी मागून एकच आवाज येत राहिला, जाडा, घोगरा.

"उदो. उदो. उदो."

मी उठून बघितलं. आत्यांचा पदर खांद्यावर पडला होता. अंबाडा सुटला होता. पिकल्या केसांचा झुबका तोंडावर आणि त्यातून दिसणारे डोळे आमच्या घरातले नव्हते. सगळं अंग पुढे-मागे घुमत होतं. शेजारची बाई जागा सोडून उभी राहिली. ड्रायव्हरनं टेप बंद केला.

आत्यांच्या अंगात आलेलं मी कधी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. शेजारच्या घरी कुणाच्या अंगात आलं तर आत्या म्हणायच्या, हिला कामं न्हाईत.

"कुटं निगालाय?" त्या म्हणाल्या. म्हणजे तो आवाज म्हणाला.

सरूबाईनं हात जोडले. "तुळजापूरला, आई. दर्शनाला."

"कुनाला इचारून?"

त्या म्हातारीनं पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला, आत्यांच्या कपाळाला मळवट भरला आणि विचारलं, "आई, तू कंची?"

"तुमच्या उंबऱ्यातली. करंजाई." घुमणं वाढलं. "माजी वटी कुनी भरली? मला नारळ कुनी फोडला? घरची उपाशी ठिवून शेजारनीकडं जेवायला निगालाय व्हय गं सटव्यांनो?"

सगळ्यांचे हात जोडले गेले. कारण ते खरं होतं. आमच्या गावात कुठल्याही देवाला निघायचं तर आधी करंजाईची ओटी भरायची, तिला नारळ द्यायचा, तिची परवानगी घ्यायची आणि मगच शीव ओलांडायची. काशीला गेलेले लोकसुद्धा तसेच गेले. पण शेठला घाई होती. उजाडायच्या आत बस भरून गावाबाहेर काढायची, म्हणून त्यानं सगळं बघितलं, चिवडा बघितला, झेंडू बघितला, आणि नारळ विसरला. आणि आमच्यातल्या एकीच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

"चुकलं, आई," सरूबाई रडायला लागली. "पदरात घे."

"आदी माज्या दारात या. मग बोला."

सगळ्यांनी पुढे बघितलं, ह्यांच्याकडे. हे पाटी खाली ठेवून आले. आईच्या समोर उभे राहिले. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. दोन्ही हातांनी दांडी इतकी घट्ट धरलेली की बोटं पांढरी झाली होती.

"तू कोन?" आवाजानं विचारलं.

"मी भानुदास."

"गाडी तुज्या हातात हाय न्हवं?"

"गाडी शेठची हाय, आई."

"शेठ माज्या गावात ऱ्हातो, का मी शेठच्या?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले, तोंडभर कुंकू आणि केस मोकळे सुटलेली आई आणि तिचा मुलगा. त्यांना काय कळलं, कळलं की नाही, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. पण ते वाकले, आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि जरा जास्तच वेळ ठेवलं. उठले तेव्हा त्यांच्या कपाळाला कुंकू लागलं होतं.

"गाडी वळव," ते ड्रायव्हरला म्हणाले.

"भानुदासराव, शेठ माझी कातडी सोलंल."

"शेठला मी सांगतो. तू वळव."

वळवायला जागा कुठे होती? अरुंद रस्ता, दोन्हीकडे पाण्याच्या चारी, पुढे उसाचे ट्रॅक्टर, मागे उसाचे ट्रॅक्टर. बस पुढेच जात राहिली. आत्या घुमत होत्या, बायका ताल धरून "उदो उदो" म्हणत होत्या, आणि मी सूर्याकडे बघत होते. किती पुढे गेलो कोण जाणे. एका पेट्रोल पंपावर जागा मिळाली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. परत येताना एक ट्रॅक्टर उलटलेला, रस्ताभर ऊस. बायका खाली उतरल्या आणि मोळ्या बाजूला करायला लागल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही. देवी उन्हात थांबली होती.

गावात शिरलो तेव्हा दुपार कलली होती. करंजाईचं देऊळ आणि शाळा ह्यांच्यामध्ये एक कंपाउंडची भिंत आहे, तीही पडकी. शाळेच्या फाटकाशी उज्ज्वलाताई एकट्याच खुर्चीवर बसल्या होत्या, आवाज गेलेल्या, डोळे सुजलेले. बसमधून बायका उतरताना बघून त्या उभ्या राहिल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

ह्यांनी वाण्याच्या दुकानातून नारळ आणला, खण आणला. ओटी भरली. नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत बायका देवळाबाहेर आल्या. शाळेच्या फाटकावरचा पोलीस पुढे झाला.

"घोषणा द्यायची नाही हां," तो मला म्हणाला.

"कोण देतंय?" मी म्हटलं.

कुणीच देत नव्हतं. त्या नुसत्या उभ्या होत्या. पलीकडे बस उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, अजून तुळजापूर गाठता येईल म्हणून. अलीकडे शाळेचं फाटक. तोंड उघडायची सोय नव्हती, आणि उघडलं असतं तरी त्या बसमधल्या शांततेनंतर माझी हिंमत झाली नसती. मग सरूबाईनं खोबरं गिळलं, पदर कमरेला खोचला आणि फाटकातून आत गेली. तिच्या मागे दुसरी. तिच्या मागे ती म्हातारी, जिनं बाटलीचं नाव काढू नको म्हटलं होतं.

सगळ्यांत शेवटी आत्या. केस बांधलेले, मळवट तसाच. आत गेल्या, बाहेर आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि मला म्हणाल्या, "पानी आन गं."

संध्याकाळी तहसीलदारांनी आकडे वाचले. बाटली आडवी झाली होती, निम्म्याच्या जेमतेम वर. बायकांनी उज्ज्वलाताईंना उचललं, मग माझ्याकडे वळल्या, की छाया, दे घोषणा. मी हात जोडून मागे सरले. शेवटी त्यांनी आपली आपणच दिली आणि आपणच ओ दिली.

ह्यांनी त्याच दिवशी दुकानाच्या किल्ल्या शेठपुढे ठेवल्या. शेठ गोडच बोलले. म्हणाले, "भानुदास, तू एवढा देवभोळा असशील असं वाटलं नव्हतं." त्यानंतर ह्यांनी मार्केट यार्डात पोती वाहिली, पाठ धरली तेव्हा दूध डेअरीवर मापं घेतली. ती दोन-तीन वर्षं आम्ही कशी काढली ते आम्हाला ठाऊक. बाळू भावजी पलीकडच्या गावाला चालत जाऊन प्यायला लागले. मी चिडले, एवढं सगळं करून काय मिळवलं म्हणून. आत्या म्हणाल्या, "चालत तर जातोय. यीस्तोवर उतरती." आणि खरंच, एवढं चालायचा त्यांना कंटाळा यायला लागला. आधी एक दिवसाआड, मग बाजारच्या दिवशी. पूर्ण सुटली असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी ती दिवाळी बघितली, पुढच्याही काही बघितल्या. बायको परत आली. मुलाला सायकल त्यांनीच शिकवली.

आत्यांचं मात्र वेगळंच झालं. त्या नवरात्रात पाचव्या माळेला गावानं त्यांना देवळात नेऊन बसवलं, आणि त्यांच्या अंगात आलं. पुढच्या वर्षीही आलं. मग मंगळवारी बायका दारात यायला लागल्या, कुणाचं लेकरू रडतंय, कुणाची म्हैस आटली. आत्यांना मंगळवार धरावा लागला. मटणाचा रस्सा म्हणजे त्यांचा जीव की प्राण, तो सोडावा लागला. देवळात पुकारा द्यायला गळा पाहिजे म्हणून मला पुढे उभं करायचे. मी "आई राजा" म्हणायची, आणि आत्यांचे डोळे बदलायचे.

मी त्यांना कधीच काही विचारलं नाही. विचारलं ते गेल्या वर्षी, त्या जायच्या थोडे दिवस आधी. अंगणात उन्हाला बाज टाकून बसवलं होतं, मी मागे बसून त्यांच्या केसांना तेल लावत होते. केस फार राहिले नव्हते.

"आत्या, त्या दिवशी बसमध्ये करंजाई खरंच आली होती?"



"तू किती येळा वरडली हुतीस?" त्यांनी विचारलं.

"तीनदा."

"आन् येकीनं बी ओ दिली न्हाई." त्यांनी हातानं मांडीवरचं लुगडं सारखं केलं. "मला बगवंना तुज्याकडं. पर तुज्या घोषनेला ओ द्यायची, म्हंजी भान्याच्या ताटातली भाकर काडायची. ते माज्या तोंडानं निगंना. आन् बाळ्या डोळ्याम्होरनं हालंना. मग म्हनलं, पोर येकली वरडतीय, हिला ओ तर द्याय पायजे. मला जी येत हुती ती दिली."

माझा हात त्यांच्या डोक्यावर तसाच राहिला.

"म्हणजे ते सगळं तुम्हीच..."

"त्या दिवशी मीच तिला बोलावलं."

"आणि मग दर नवरात्रात?"

आत्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. एवढी साधी गोष्ट ह्या बाईला कशी कळत नाही, असं त्यांच्या तोंडावर होतं.

"तवापास्नं ती खरीच येती, पोरी," त्या म्हणाल्या. "येकदा नडीला हाक मारली. आता कंच्या तोंडानं तिला नगं यीऊ म्हणू?"